दोन क्विंटल सोयाबीनचा धातुकोश : हेल्मुट रिक्स यांच्या क्रियापदकोशाचा वापरानुभव

गेल्या हंगामातल्या सोयाबीनपैकी दोन क्विंटलचे पैसे मी एका जर्मन कोशात घातले, ही गोष्ट गावात फार दिवस लपून राहिली नाही. कोशाचे नाव ‘लेक्सिकोन डेर इंडोगेर्मानिशेन फेर्बेन’. संस्कृत, ग्रीक, लॅटिन, हित्ती (आजच्या तुर्कस्तानातील एक प्राचीन भाषा), जर्मन, रशियन या साऱ्या भाषांच्या म्हणजे भारत-युरोपीय कुळाच्या मागे जी एक न लिहिलेली मूळ भाषा मानली जाते, तिच्या क्रियापदांचा हा कोश आहे. जर्मन भाषाशास्त्रज्ञ हेल्मुट रिक्स यांच्या मार्गदर्शनाखाली तो सिद्ध झाला आणि वीसबाडेन येथील राइखर्ट या प्रकाशनसंस्थेने १९९८ मध्ये पहिल्यांदा, तर २००१ मध्ये सुधारून आणि वाढवून दुसऱ्यांदा काढला. माझ्याकडची प्रत दुसऱ्या आवृत्तीची, कोणीतरी आधी वापरलेली आहे. एक पावसाळा आणि एक उन्हाळा ती रोज हाताळल्यानंतर हा अभिप्राय लिहीत आहे. निकाल आधीच सांगून टाकतो. ज्याने संस्कृत धातूंचे दहा गण, म्हणजे वर्ग, घोकले आहेत आणि ते तसे का आहेत हा प्रश्न ज्याच्या मनात कधीतरी आला आहे, त्याने हा कोश जरूर घ्यावा. मात्र संस्कृत शिकलेल्या माणसाला हा कोश फार लवकर पटतो, आणि त्याची खोडही नेमकी तेथेच आहे, एवढे ध्यानात ठेवूनच घ्यावा.

पार्सल कसे आले ते थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण खेड्यात राहणाऱ्या ग्राहकाला त्याचाही हिशेब करावा लागतो. परदेशातील जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याने ते व्यवस्थित बांधून पाठवले होते. खोळंबा झाला तो आपल्याकडे. कुरिअरवाल्याने ‘पत्ता सापडत नाही’ असा शेरा मारून ते दोनदा परत नेले, आणि शेवटी दारव्ह्याला एका मोबाइलच्या दुकानात ठेवून मला फोन केला. तेथे ते बहुधा पत्र्यावरून ठिबकणाऱ्या पाण्याखाली राहिले असावे, कारण एका कोपऱ्याची पाने ओलीने फुगली होती. दुकानातल्या मुलाने खोके उचलून विचारले, “गुरुजी, यात काय हाय इतलं जड?” मी ‘डिक्शनरी’ म्हटल्यावर त्याने आणखी काही विचारले नाही. घरी आणून पाने एकेक करून पंख्याखाली वाळवली. बांधणी मजबूत आहे, शिवण उसवलेली नाही, कागद पिवळा पडलेला नाही. आठशेहून अधिक पानांचा हा ठोकळा ओल खाऊनही शाबूत राहिला, याचे श्रेय छापणाऱ्यांना दिले पाहिजे.

आता कोशामागच्या माणसाविषयी. रिक्स यांचा जन्म १९२६ मध्ये बव्हेरियातील आंबेर्ग येथे झाला आणि २००४ मध्ये फ्रान्समधील कोलमार येथे ते वारले. रेगेन्सबुर्ग आणि नंतर फ्रायबुर्ग या विद्यापीठांत त्यांनी अध्यापन केले. त्यांची कारकीर्द एका सरळ तासात चालली नाही. १९६३ मध्ये त्यांनी प्राचीन इटलीतल्या इट्रस्कन भाषेतील कुलनामांवर ग्रंथ लिहिला, १९९१ मध्ये इट्रस्कन लेखांचा मोठा संग्रह संपादित केला आणि २००२ मध्ये इटलीतील ऑस्कन, उम्ब्रियन या भाषागटाच्या लेखांचा. इट्रस्कन ही तर भारत-युरोपीय कुळाबाहेरची भाषा. म्हणजे ज्या भाषेत ओळखीचा धातू एकही सापडणार नाही, तिचे फुटके कोरीव लेख वाचण्यात या माणसाने आयुष्याचा मोठा भाग घालवला, आणि माझ्या मते त्यांच्या क्रियापदांवरील कामाला जी शिस्त आहे ती याच सवयीतून आली. जेथे आधार तुटतो तेथे थांबायचे, आणि थांबलो हे चिन्हाने दाखवायचे, ही कोरीव लेख वाचणाऱ्याची रीत आहे.

१९७६ मध्ये त्यांचे ग्रीक भाषेचे ऐतिहासिक व्याकरण आले. ग्रीकपुरता त्यांच्या नावाने एक ध्वनिनियमही ओळखला जातो. तो आपल्याकडच्या एका शब्दाने समजून घेता येतो. संस्कृत ‘ऋक्ष’, त्यापासून मराठी ‘रीस’, म्हणजे अस्वल. हाच शब्द ग्रीकमध्ये ‘आर्क्तोस’ असा आहे. संस्कृतात शब्दाच्या आरंभी ‘ऋ’, मग ग्रीकमध्ये ‘आ’ कोठून आला? मूळ भाषेत त्या ‘ऋ’च्या आधी घशातून निघणारे एक व्यंजन होते, ते संस्कृतात मागमूस न ठेवता गळाले आणि ग्रीकमध्ये गळताना स्वर मागे ठेवून गेले. अशी तीन व्यंजने मानली जातात, आणि कोणते होते त्याप्रमाणे ग्रीकमध्ये ‘ए’, ‘आ’ किंवा ‘ओ’ उमटतो, हा रिक्स यांचा नियम. कोशात ही तीन व्यंजने ‘ह’सारख्या अक्षराखाली १, २, ३ असे आकडे घालून दाखवली आहेत. सुरुवातीला ते आकडे पाहून बीजगणिताचे पुस्तक हाती आल्यासारखे वाटते; आठ-दहा दिवसांत डोळ्यांना सवय होते.

क्रियापदांकडे ते कसे वळले हे समजण्यासाठी त्यांचे दोन निबंध महत्त्वाचे आहेत. १९७७ च्या निबंधात त्यांनी केल्टिक क्रियापदांची, म्हणजे प्रामुख्याने जुन्या आयरिशमधील अत्यंत गुंतागुंतीच्या रूपांची, घडण संस्कृत-इराणी आणि ग्रीक यांच्या आधारे उभ्या केलेल्या आराखड्यातून लावून दाखवली. १९८६ च्या निबंधात ते आणखी मागे गेले आणि आज्ञार्थ, विध्यर्थ अशी अर्थांची व्यवस्था मुळात कशी उभी राहिली असावी याचा विचार केला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, सर्वांत जुन्या थरात क्रियापदांची अनेक अंगे (प्रत्यय लागण्याआधीची रूपे) ही क्रियेचे निरनिराळे प्रकार सांगणारी होती: पुन्हा पुन्हा करणे, करू लागणे, करवणे, करावेसे वाटणे. पुढे त्यांतील काहींना काळाच्या आणि अर्थाच्या व्यवस्थेत कायमची जागा मिळाली. कोश हा याच विचाराचा तपशील आहे. तो एकट्याने केलेला नाही. मार्टिन क्युमेल, थॉमस त्सेंडर, राइनर लिप आणि ब्रिगिटे शिर्मर यांनी त्यावर काम केले आणि दुसरी आवृत्ती क्युमेल व रिक्स यांनी मिळून तयार केली. आपल्याकडे कोशावर एकच नाव छापण्याची हौस असते, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

नोंद कशी वाचायची हे एका उदाहरणावरून सांगतो. शेजारचा शेतकरी कुंपणापलीकडून हाक मारतो, “गुरुजी, तुमाले येक पुसाचं होतं.” लेखी मराठीत ‘विचारणे’ने ‘पुसणे’ला बाजूला सारले आहे, वऱ्हाडात मात्र ते अजून रोजच्या तोंडी आहे. (फळा पुसणे हा वेगळा शब्द, दोन निराळ्या धातूंची रूपे झिजून सारखी झाली.) ‘पुसणे’ हे संस्कृत ‘पृच्छति’पासून आले. शेवटच्या सूचीत ‘पृच्छति’ शोधले की ती ‘प्रेक्’ अशा धातूच्या नोंदीवर पाठवते. यातला ‘क’ तालव्य, म्हणजे ‘श’च्या वाटेवरचा. नोंदीच्या माथ्यावर धातू आणि जर्मन भाषेत अर्थ. खाली त्या धातूपासून साधलेली अंगे, वर्तमानाचे अंग, मग लुङ् (घडून संपलेली क्रिया सांगणारे भूतकाळाचे रूप), मग लिट् (परोक्ष भूतकाळ), आणि प्रत्येकासमोर निरनिराळ्या भाषांतील प्रत्यक्ष सापडणारी रूपे. येथे वर्तमानाचे अंग ‘स्क’ या प्रत्ययाने साधले आहे, आणि त्यासमोर वेदातील ‘पृच्छति’, अवेस्ता या प्राचीन इराणी धर्मग्रंथातील ‘पेरेसइति’, लॅटिनमधील ‘पोस्को’ (मी मागतो) ही रूपे ओळीने उभी आहेत.

मी तीस वर्षे वर्गात सांगत आलो की ‘गम्’ला ‘गच्छ्’ आदेश होतो, म्हणजे ‘गम्’च्या जागी ‘गच्छ्’ येते. पाणिनीचे सूत्र तसे आहे आणि परीक्षेत तेवढे पुरते. का होतो, असे एखाद्या मुलाने विचारले असते तर माझ्याजवळ उत्तर नव्हते. सुदैवाने कोणी विचारले नाही. कोशातील ‘येणे’ या अर्थाच्या धातूची नोंद उघडली तेव्हा उत्तर मिळाले. तेथेही तोच ‘स्क’ प्रत्यय आहे, संस्कृतात तोच ‘च्छ’ झाला आहे, आणि ग्रीकमधील ‘बास्को’ या रूपात तो न झिजता दिसतो. ‘प्रच्छ्’च्या बाबतीत तर पाणिनीच्या धातुपाठाने हा प्रत्यय धातूतच धरला आहे. ‘प्रश्न’ या शब्दात तो नाही, तेथे मूळ धातूचा ‘श्’ उघडा पडला आहे, म्हणून पाणिनीला ‘च्छ’चा ‘श्’ करणारे निराळे सूत्र घालावे लागले. पाणिनीने जे केले ते त्याच्या भाषेपुरते अचूक आहे. त्याला ग्रीक पाहायची नव्हती. परंतु ‘पृच्छति’, ‘प्रश्न’ आणि आमच्या शेजाऱ्याचे ‘पुसाचं होतं’ हे तिन्ही एकमेकांशेजारी ठेवून पाहिल्यावर, ‘पुस’मधल्या त्या एका ‘स’मध्ये धातूचे शेवटचे व्यंजन आणि प्रत्यय असे दोन्ही मुरलेले आहेत हे दिसते.

दुसरे उदाहरण ‘जाणणे’. संस्कृत ‘जानाति’ हे नवव्या गणातले, ‘युनक्ति’ सातव्यातले, ‘सुनोति’ पाचव्यातले. पाणिनीने त्यांना ‘श्ना’, ‘श्नम्’ आणि ‘श्नु’ असे तीन निराळे विकरण, म्हणजे धातूला प्रत्ययाआधी मिळणारी जोड, दिले. त्यांपैकी सातव्या गणात ‘न’ हा धातूच्या पोटात घुसतो, उरलेल्या दोन्हींत तो धातूनंतर लागतो असे आपण शिकवतो. फेर्दिनां द सोस्यूर या तरुणाने एकविसाव्या वर्षी, १८७८ च्या अखेरीस प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवले की नवव्या गणातही तो पोटातच घुसलेला आहे. फक्त त्याच्या पुढचे, घशातले व्यंजन गळाल्यामुळे आपल्याला तो शेवटी दिसतो. रिक्स यांच्या कोशात सातव्या आणि नवव्या गणांची ही अंगे ‘१क’ या एकाच खुणेखाली येतात. ‘मी जाणतो’ म्हणताना जो ‘ण’ उच्चारला जातो तो त्या मध्यागमाचा, म्हणजे पोटात घुसलेल्या ‘न’चा, अवशेष आहे, आणि ‘ज्ञान’ म्हणताना तो आगम नसतो. बैलाच्या मानेवरच्या ‘जू’चेही तसेच. ‘युग’पासून ‘जू’, लॅटिनमध्ये ‘युगुम’, हित्तीमध्ये ‘युकन’. त्यांत ‘न’ आगम नाही, पण जोडण्याच्या क्रियेत, ‘युनक्ति’ आणि लॅटिन ‘युंगो’ यांत, तो आहे. पोळ्याच्या दिवशी जू धुऊन तुळशीजवळ ठेवले होते तेव्हा ही नोंद मी वाचत होतो, आणि सौभाग्यवतींचे म्हणणे पडले की, सणाच्या दिवशी तरी ते जर्मन ठोकळे बाजूला ठेवावे.

मराठी वाचकाला या व्यवस्थेतील जो भाग सर्वांत सोपा जाईल, तो इंग्रजी वाचकाला बहुधा सर्वांत अवघड जात असावा. ‘लिट्’ला आपण परोक्ष भूतकाळ म्हणतो. कोशातील मांडणीनुसार मूळ भाषेत हे अंग भूतकाळ सांगत नव्हते, तर झालेल्या क्रियेतून आज उरलेली अवस्था सांगत होते. संस्कृत ‘वेद’, ग्रीक ‘ओइदा’ आणि जर्मन ‘वाइस’ यांचा अर्थ ‘जाणतो’ असा वर्तमानाचा आहे. पाहिले, म्हणून आता ठाऊक आहे. आपण ‘तो पारावर बसला आहे’ म्हणतो तेव्हा ‘बसला’ हे रूप झालेल्या क्रियेचे, पण सांगणे आताच्या अवस्थेचे असते. ‘भूक लागली आहे’, ‘पोरगं झोपलं आहे’, ‘कपाशी फुटली आहे’, हे सगळे त्याच तऱ्हेचे. रूपे निराळ्या मुळांची आहेत, वारशाचा येथे संबंध नाही. परंतु अर्थ ध्यानात यायला आपल्याला वेगळे स्पष्टीकरण लागत नाही.

लुङ्चेही तसेच. शाळेत संस्कृतच्या काळ-अर्थांपैकी लट्, लङ्, लोट्, विधिलिङ् आणि लृट् शिकवतात आणि लुङ् गाळतात, त्यामुळे मुलांना वाटते की तो पंडितांचा छळवाद आहे. रिक्स यांच्या मांडणीत मात्र लुङ् हा पायाचा दगड आहे. काही धातूंचा अर्थच मुळात एका टप्प्यावर संपणारा: येऊन पोहोचणे, ठेवणे, देणे, ओळखणे. त्यांचे साधे, प्रत्यय न लागलेले अंग हे लुङ्चे असते, आणि चालू क्रिया सांगायची तर त्यांना काहीतरी जोड द्यावी लागते. ‘गम्’ला ‘स्क’ मिळाला, ‘धा’ आणि ‘दा’ यांना द्वित्व मिळून ‘दधाति’, ‘ददाति’ झाले, ‘ज्ञा’ला ‘न’ आगम मिळाला. उलट ‘अस्’ किंवा ‘हन्’ यांचा अर्थ चालू राहणारा, म्हणून ‘अस्ति’ आणि ‘हन्ति’ ही वर्तमानाची रूपे जोडीशिवाय होतात. दहा गणांच्या पसाऱ्याला येथे एक कारण मिळते, आणि माझ्यापुरते सोयाबीनचे पैसे याच एका गोष्टीत वसूल झाले. मराठीत ‘जातो’ हे ‘या’ धातूचे आणि ‘गेला’ हे ‘गम्’चे, म्हणजे चालू क्रियेला एक धातू आणि संपलेल्या क्रियेला दुसरा. हे पाहून मला फार आनंद झाला होता. दोन दिवसांनी आनंद ओसरला, कारण मधल्या काळात ‘गच्छति’ हजारो वर्षे सुखाने चालू वर्तमानात वावरले आहे आणि मराठीतली वाटणी नंतरची, स्वतंत्र आहे.

नेमका हाच धोका या कोशात पदोपदी आहे. त्याचा आराखडा संस्कृत-इराणी आणि ग्रीक यांच्या जुळणीवर उभा आहे. या दोन्हींकडे लुङ् आहे, लिट् आहे, विध्यर्थ आहे, भूतकाळाचा ‘अ’ आगम आहे. त्यामुळे आपल्यासारखा माणूस कोश उघडतो तेव्हा त्याला प्रत्येक खोलीत आपलीच माणसे बसलेली दिसतात. १९१५ मध्ये बेद्रिख ह्रोझ्नी यांनी हित्ती भाषा याच कुळातील असल्याचे दाखवले, आणि आज तुर्कस्तानात असलेल्या बोआझ्कोय येथील मातीच्या विटांवरचे तिचे लेख कुळातील सर्वांत जुने ठरले. त्या भाषेत लुङ् नाही, लिट् नाही, विध्यर्थ नाही. काळ दोनच, वर्तमान आणि भूत. आणि क्रियापदांचे दोन वर्ग: एकाचे प्रत्यय ‘मि’ने सुरू होणारे, आपल्या ‘अस्मि’सारखे; दुसऱ्याचे ‘हि’ने.

पहिला वर्ग या कोशात छान बसतो. आपण रागाने ‘एक हाणला’ म्हणतो, ते ‘हाणणे’ संस्कृत ‘हन्’पासून आलेले, ‘हन्ति’ आणि अनेकवचनी ‘घ्नन्ति’ यांच्यासमोर हित्तीतील ‘कुएन्त्सि’ आणि ‘कुनन्त्सि’ अशी रूपे येतात, एकवचनात स्वर भरलेला आणि अनेकवचनात गळालेला, दोन्हीकडे सारखेच. अशी नोंद वाचली की माणसाचा विश्वास बसतो. पण दुसऱ्या वर्गाचे काय करायचे? त्याचे प्रत्यय लिट्च्या प्रत्ययांच्या जवळचे दिसतात, अर्थ मात्र अवस्थेचा नसतो. हित्तीतील ‘मल्लि’ म्हणजे ‘दळतो’, साधी जात्यावरची क्रिया. कोश अशा क्रियापदांना आपल्या ठरलेल्या अंगांपैकी कोणत्या तरी एका खुणेखाली जागा देतो, आणि वाड्याच्या खोल्या आधीच वाटून झाल्यावर आलेल्या भाडेकरूला जिन्याखाली पथारी द्यावी तशी ती जागा वाटते. हार्वर्डचे भाषाशास्त्रज्ञ जेय जॅसनॉफ यांनी अनेक वर्षे असे मांडले आहे की मूळ भाषेतच या दुसऱ्या तऱ्हेच्या प्रत्ययांचा एक स्वतंत्र वर्तमान होता. २००३ मध्ये ऑक्सफर्डहून आलेला त्यांचा हित्ती आणि भारत-युरोपीय क्रियापदावरील ग्रंथ त्यासाठी प्रसिद्ध आहे. त्यांचे सगळे पटावे असे नाही. परंतु हित्तीने लुङ् आणि लिट् गमावले, की ती वेगळी झाली तेव्हा ते तयारच झाले नव्हते, हा वाद खुला आहे, आणि कोशाच्या मांडणीवरून नव्या वाचकाला तो खुला आहे असे वाटत नाही. जी भाषा सर्वांत आधी लिहिली गेली तिलाच सर्वांत जास्त स्पष्टीकरण द्यावे लागावे, ही गोष्ट मला तरी खटकते.

दुसरी तक्रार प्रश्नचिन्हांची. कोशकार प्रामाणिक आहेत. ध्वनिनियमांनी सरळ उतरलेल्या रूपाला एक खूण आणि मागाहून बदललेल्या रूपाला निराळी खूण असा भेद ते पाळतात, शंका आली तेथे प्रश्नचिन्ह घालतात आणि तळटीपेत कारणही देतात. पण हजाराहून अधिक धातूंपैकी बरेच असे आहेत की ज्यांचा पुरावा एखाद्याच शाखेत आहे, आणि तरीही नोंदीच्या माथ्यावर मूळ भाषेचा धातू ठळक टायपात उभा असतो. घाईत वाचणाऱ्याला धातू दिसतो, प्रश्नचिन्ह दिसत नाही. सातबाऱ्यावर नाव चढले की जमीन कोणाची यावर कोणी वाद घालत नाही, तसे या ठळक टायपाचे होते. याहून जुना, १९५९ चा पोकोर्नी यांचा कोश घशातील व्यंजने मानत नसल्यामुळे आता मागे पडला आहे हे खरे, पण तो नामेही देतो. येथे केवळ क्रियापदे आहेत आणि ‘पिता’, ‘अश्व’, ‘चाक’ शोधणाऱ्याची निराशा होईल.

भाषेची अडचण वाटते तेवढी नाही. सारे विवेचन जर्मनमध्ये आहे, तथापि नोंदींतील जर्मन हे मुख्यतः क्रियापदांच्या अर्थांपुरते असते, आणि एक साधा जर्मन कोश शेजारी ठेवला तर महिनाभरात हात बसतो. संक्षेपांची यादी मात्र वहीत उतरवून घ्यावी, नाहीतर दर दोन मिनिटांनी पुढची पाने उलटावी लागतात. मराठीचे एकही रूप यात नाही. संस्कृतपासून मराठीपर्यंतची वाट पाहण्यासाठी राल्फ टर्नर यांचा १९६६ चा भारतीय-आर्य भाषांचा तौलनिक कोश लागतो, आणि तो इंटरनेटवर मोफत पाहता येतो. क्युमेल यांनी या कोशाच्या दुरुस्त्या आणि भरही इंटरनेटवर ठेवली आहे. आमच्या गावात त्यासाठी गच्चीवर जावे लागते, पण ती उतरवून घेतल्याशिवाय कोश वापरू नये.

एक गोष्ट मात्र या कोशाने माझ्याकडून करून घेतली, ती पैशात मोजता येणार नाही. मी नोकरीत असेपर्यंत मुलांच्या वहीतील ‘मी शाळेत जाऊन राहिलो’ हे वाक्य लाल शाईने खोडून ‘जात आहे’ असे लिहीत आलो. ‘करून राहिला’, ‘पाणी येऊन राहिलं’, ‘काय करून राहिली वं?’ ही आमच्याकडची बोली. त्यातल्या ‘राहणे’ला मुक्कामाचा अर्थ उरलेला नाही. आधी ते क्रियेचा एक प्रकार सांगत असेल, करत बसणे, करतच असणे. आता ते साध्या चालू वर्तमानकाळाचे चिन्ह झाले आहे आणि आमची माणसे दिवसातून शंभरदा ते वापरतात. क्रियेचा प्रकार सांगणारी जोड हळूहळू काळाच्या व्यवस्थेत कशी जाऊन बसते, हे रिक्स १९८६ मध्ये कित्येक हजार वर्षांपूर्वीच्या भाषेविषयी मांडत होते. ते माझ्या वर्गात चालू होते आणि मी ते खोडत होतो. माझ्या एका माजी विद्यार्थ्याने, जो आता रामटेकच्या संस्कृत विद्यापीठात शिकून आला आहे, हे ऐकून विचारले, “मग सर, ते कापलेले मार्क परत देता का?”

खरेदीचा विचार करणाऱ्यांसाठी एवढेच. नवी प्रत परवडत नसेल तर जुनी घ्यावी, पण १९९८ ची घेऊ नये. दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त्या पुष्कळ आहेत. पार्सल तालुक्याच्या ओळखीच्या पत्त्यावर मागवावे. पावसाळ्यात लोखंडी कपाटात कडुनिंबाचा पाला घालून ठेवावी, मी तसे केले आणि कसर लागली नाही. दारव्हा, दिग्रस, नेर या बाजूचे कोणी असतील तर माझी प्रत ओसरीत बसून खुशाल पाहावी, चहा मिळेल. घरी नेता येणार नाही, आणि टिपणे पेन्सिलनेच करावी लागतील. आधीच्या मालकाने हित्ती रूपांच्या शेजारी पेन्सिलने जागोजागी प्रश्नचिन्हे केली आहेत, त्यांत भर घालायला समासात अजून जागा आहे.